कापराची ज्योत वाकली नाही

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे झाली होती आणि हनुमंतराव कोपरापर्यंत बॉनेटखाली होते. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या त्या गल्लीत दारोदार सडे पडत होते, तांदळाच्या पिठाच्या रांगोळ्या निघत होत्या, बैलगाडीतून केळीचे खुंट उतरवले जात होते. साल १९६१, दिवस आयुधपूजेचा. नवरात्राच्या या नवव्या दिवशी इकडे माणूस ज्या हत्यारावर पोट भरतो ते धुऊनपुसून देवीपुढे मांडतो. एकदा मांडले की दुसऱ्या दिवशी, विजयादशमीच्या सकाळी, पुन्हा पूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. सुताराची करवत, शिंप्याची कात्री, मुलांची पुस्तके, सगळ्यांना सुटी. हनुमंतरावांच्या पान्यापकडींनाही.

त्यांच्या आत्या वेंकूबाई ओसरीवर उभ्या होत्या. सत्तरी ओलांडलेली ही बाई हनुमंतरावांची बायको वारल्यापासून घर चालवत होती, आणि देवाच्या बाबतीत तिच्या शब्दापुढे कोणी जात नसे.

"हणमंता, दहाला तुझी पेटी देवापुढे पाहिजे."

"दहाला मिळेल."

"आणि गाडी?"

"गाडी दहाच्या आत बरी होईल. थर्मोस्टॅट आहे. डोळे मिटून सांगतो."

"मिटू नको. मागल्या आठवड्यात पट्टा म्हणालास."

मागल्या आठवड्यात ते पंख्याचा पट्टा म्हणाले होते, हे खरे. पट्टा आवळला आणि गाडी तापतच राहिली. पण चुकल्याने आत्मविश्वास कमी होणाऱ्यांपैकी हनुमंतराव नव्हते. पट्टा नाही हे कळले म्हणजे एक गोष्ट कमी झाली, असा त्यांचा हिशेब.

गाडी होती युद्धाआधीची, इंग्रजी बनावटीची, काळी, चौकोनी. त्या काळच्या पुष्कळ गाड्यांसारखा तिचा रेडिएटर पुढून उघडाच होता. मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची ती जाळी हेच गाडीचे तोंड. एंजिनात तापलेले पाणी या जाळीच्या नळ्यांतून उतरते, मागचा पंखा भोकांतून वारा ओढतो, पाणी निवते आणि परत एंजिनात जाते. यातले काही अडले की पाणी उकळते आणि वरच्या झाकणातून वाफ सुटते. जूनपासून हनुमंतरावांच्या गाडीला ही सवय लागली होती. आधी क्वचित. सप्टेंबरपासून रोज.

रोज म्हणजे तिरुवैयारूच्या रस्त्यावर. तंजावूरहून आठ मैल, मध्ये पाच नद्या आणि पाच पूल. हनुमंतराव तिथल्या एका भातगिरणीचे तेलएंजिन सांभाळत. त्यांची मुलगी कनकलता जूनपासून तिथल्याच मुलींच्या प्राथमिक शाळेत शिकवत होती. लहानपणी आलेल्या तापाने तिचा डावा पाय लुळा झाला होता. पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट होता आणि बसची पायरी तिच्या गुडघ्याच्या वर येत असे. पहिल्या आठवड्यात ती दोनदा बसने गेली. दुसऱ्यांदा बस तिला पायरीवर घेऊनच सुटली. त्यानंतर हनुमंतरावांनी सायकल भिंतीला टेकवली आणि एरवी लग्नाकार्याला काढायची ही गाडी रोजच्या कामाला जुंपली.

शाळेतली नोकरी अजून कायम झालेली नव्हती. गाडी वाटेत उकळली की ती निवेपर्यंत थांबावे लागे आणि वर्ग वाट पाहत राही. मुख्याध्यापिका शेषम्मा फटकळ नव्हत्या, पण स्पष्ट होत्या. मागल्या शनिवारी त्यांनी कनकलताला बोलावून सांगितले होते, "विजयादशमीला नवी मुले येतात. त्यांचा पहिले अक्षर गिरवण्याचा मुहूर्त आठचा आहे. तो वर्ग तुझा आहे. त्या दिवशी तू नसलीस, तर शाळेजवळच राहणारी एक बाई अर्ज करून बसली आहे, तिला घ्यावे लागेल. मला समितीला उत्तर द्यायचे असते."

विजयादशमी म्हणजे उद्या. दसऱ्याच्या सकाळी तंजावुरात भाड्याची मोटार मिळत नाही आणि घोडागाड्या आठवडाभर आधी ठरलेल्या असतात. हनुमंतरावांनी त्या शोधल्याही नव्हत्या. "आपली गाडी असताना भाड्याची कशाला?" एवढेच ते म्हणाले होते. तसेही प्रश्न एका सकाळचा नव्हता. नोकरी कायम झाली तर ही गाडी रोज धावायला हवी होती.

थर्मोस्टॅट म्हणजे पितळेची एक छोटी डबी. पाणी थंड असताना ती वाट बंद ठेवते, तापले की उघडते. ती मिटलेलीच राहिली तर पाणी एंजिनातच कोंडून उकळते. हनुमंतरावांनी दोन नट सोडून ती काढली, दोरा बांधला आणि स्वयंपाकघरात गेले.

"ते पातेलं कापीचं आहे," वेंकूबाई म्हणाल्या. कॉफीला त्या घरात कापीच म्हणत.

"पाणीच उकळायचं आहे, आत्या."

"मोटारीतलं पितळ माझ्या कापीत?"

त्यांनी एक जुने, बुडाशी काळे पडलेले पातेले काढून दिले. कनकलता चुलीपाशी पाटावर बसली होती, उद्यासाठी तांदूळ निवडत. पहिले अक्षर ताटातल्या तांदळात बोटाने काढायचे असते, म्हणून तांदळात खडा चालत नाही. तिने दोरा धरला. पाण्याच्या तळाशी बुडबुडे दिसू लागले, आणि उकळी फुटायच्या आत डबीचे तोंड हळूच उघडले. पातेले उतरवल्यावर ते तितकेच हळू मिटले.

"अप्पा, ही तर चांगली आहे की."

"चांगली आहे," हनुमंतराव म्हणाले. "म्हणजे थर्मोस्टॅट नाही."

"डोळे मिटून म्हणाला होतात."

"आता उघडले."

हनुमंतरावांचा जन्म याच गल्लीतला, मराठी राजांच्या काळात इकडे आलेल्या घराण्यातला. वडील राजवाड्याच्या ग्रंथालयात पोथ्या झटकण्या-बांधण्याच्या कामावर होते. मुलगा मात्र तमिळ आणि इंग्रजीत शिकला. देवनागरी त्याला वाचता येत नव्हती, आजही येत नाही. बेचाळीस साली तो सैन्यात भरती झाला आणि खडकीच्या मोटार वर्कशॉपमध्ये पोचला. तिथल्या पुणेकर, सातारकर मंडळींना त्याचे मराठी ऐकून हसू आवरत नसे. हा तमिळ हेल काढून बोलायचा आणि शब्द मात्र दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचे. "आला तंजावरचा सरदार," असे म्हणून त्याला हाका मारत. पण बंद पडलेला ट्रक आला की त्या सरदारालाच बोलावणे जाई. तिथल्या हवालदाराने त्याला एक रीत शिकवली होती: आधी बघ, मग हात लाव, मग वास घे, आणि पाना सगळ्यात शेवटी. हनुमंतराव ही रीत सगळ्यांना सांगत. स्वतः मात्र पान्यापासून सुरुवात करत, कारण पाना त्यांच्या हाताला आवडायचा.

त्या सकाळीही तसेच झाले. रबरी नळ्या सोडून त्यांनी रेडिएटर उलट्या दिशेने पाण्याने धुतला. गंजाचे तांबडे पाणी आले, मग नितळ आले. पाण्याच्या पंपाचा दांडा हलवून पाहिला, ढिला नव्हता. नळ्या जोडल्या, डबी बसवली, झाकण उघडे ठेवून एंजिन सुरू केले. आत पाणी खळखळून फिरताना दिसत होते. एंजिनच्या सांध्यातले गॅस्केट फुटले असते तर पाण्यात एकसारखे बुडबुडे आले असते. तेही नव्हते. सगळे ठीक होते, आणि थोड्याच वेळात पाणी तरीही उकळले.

समोरच्या ओट्यावर शेषाद्री दात घासत उभे होते. एका खासगी बस कंपनीत ते तिकीट तपासनीस. मोटार ही वस्तू माणसाने स्वतःच्या दारात ठेवू नये असे त्यांचे मत होते.

"हणमंतराव, पाणी तापलंच आहे तर इडल्या लावा. सणाचा दिवस आहे."

"तुमच्या बसमध्ये लावतो. तिथे माणसं उकडून निघतात, इडल्या सहज होतील."

"आमची बस उकडते, पण पोचते."

 हनुमंतरावांनी झाकणावर फडके टाकले आणि आत गेले.

दहाला वेंकूबाईंनी हात पुढे केला. हनुमंतरावांनी पाने रॉकेलने पुसले, पेटीत ओळीने लावले आणि पेटी दिली. आणखी तासभर ठेवून घेऊ का, असे विचारता आले असते. त्यांनी विचारले नाही. नवरात्रात इकडे घरोघरी मांडतात त्या बाहुल्यांच्या पायऱ्यांखाली कनकलताची पुस्तके होती, वेंकूबाईंची विळी होती, त्यांच्याशेजारी पेटी गेली. तिच्यावर गंध लागले, फूल पडले. आता उद्या सकाळपर्यंत ती पेटी नव्हती, देव होती.

"अप्पा, आता?" कनकलताने विचारले.

"अजून दिवस आहे."

"शेषम्माबाईंना निरोप धाडू का? बसनेच येते म्हणून? शेषाद्रीमामा चढवतील मला."

"उद्याच्या बसगाड्या बघितल्या आहेस? टपावरसुद्धा जागा नसते. निरोप धाडू नको. तांदूळ नीट निवड."

राहुकाळ बाराला लागणार होता, म्हणून गाडीची पूजा त्याआधी. गाडी सकाळी धुतलेली होतीच. वेंकूबाईंनी चाकांखाली लिंबे ठेवली, बॉनेटवर झेंडूची माळ घातली आणि रेडिएटरच्या जाळीवर तांब्याभर हळदीचे पाणी ओतून चंदनाचे गंध पंजाने आडवे ओढले. दर शुक्रवारी त्या हेच करत. जूनमध्ये कनकलताला नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी देवीला बोलून ठेवले होते: पोरीची नोकरी कायम होईपर्यंत दर शुक्रवारी गाडीच्या मुखाला हळद आणि गंध. एकही शुक्रवार चुकला नव्हता. आदल्या शुक्रवारचे गंध कोणी पुसत नसे. देवीला वाहिलेले पुसायचे कसे? हनुमंतराव गाडी धूत तेव्हा त्यांचे फडके टपावरून, दारांवरून, चाकांवरून फिरे आणि जाळीपाशी थांबे.

या घरात आणखी एक पद्धत होती, आणि ती हनुमंतरावांची. गाडी घरी आली त्या वर्षापासून आरती एंजिन चालू ठेवून होई. बंद एंजिनची पूजा म्हणजे झोपलेल्या माणसाला कापी देणे, असे ते म्हणत. वेंकूबाईंना हे पसंत नव्हते, कारण जाळीसमोर आरती धरली की पंखा वारा ओढायचा आणि कापराची ज्योत आडवी होऊन गाडीकडे झुकायची. एका वर्षी विझलीही होती, तेव्हा चार दिवस घरात कोणी नीट बोलले नव्हते. तेव्हापासून त्या एका हाताने ताम्हन धरत आणि दुसऱ्या हाताने आडोसा करत.

एंजिन सुरू झाले. कनकलताने घंटा वाजवली. वेंकूबाईंनी कापूर पेटवला आणि सवयीने आडोशाचा हात पुढे केला. मग तो मागे घेतला.

"बघितलंस, हणमंता? यंदा देवी शांत आहे. ज्योत हलत नाही."

हनुमंतरावांनी पाहिले. जाळीपासून वीतभर अंतरावर कापराची ज्योत सरळ उभी होती, देव्हाऱ्यात उभी राहावी तशी. मागे पंखा पूर्ण वेगाने फिरत होता. त्याचा आवाज येत होता.

"आत्या, आरती तशीच धरून ठेव."

"हात भाजतो रे."

"थोडं जवळ ने. आणखी."

ज्योत जाळीला टेकायला आली तरी वाकली नाही. हनुमंतरावांनी उदबत्ती उचलून जाळीसमोर वरखाली फिरवली. धूर नाकासमोर सरळ वर गेला. एका कोपऱ्यात, जिथे वेंकूबाईंचा पंजा पोचत नव्हता, तिथे तेवढा तो आत ओढला गेला. त्यांनी एंजिन बंद केले, गुडघ्यावर बसले आणि जाळीला नाक लावले.

"काय करतोस?"

"वास घेतो. चंदन, हळद आणि कोंडा."

कोंडा गिरणीतला होता. गाडी दिवसभर गिरणीच्या आवारात उभी असे. तिथे भाताच्या कोंड्याची धूळ हवेतच असते. त्यात सप्टेंबरपासून कुरुवैची, म्हणजे भाताच्या पहिल्या पिकाची, कापणी सुरू झालेली. रस्त्यालगतचे शेतकरी पेंढ्या डांबरावर पसरतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांकडून मळणी करून घेतात. त्यावरून गेले की तूस उडते आणि समोर येते त्या जाळीत शिरते. कोरड्या जाळीत ते आले तसे निघूनही जाते. ओल्या गंधावर बसते आणि एंजिनच्या उष्णतेने भाजून निघते. जूनपासूनच्या शुक्रवारांनी त्या मधाच्या पोळ्यावर भिंत लिंपली होती. पाणी फिरत होते, पंखा फिरत होता. वारा मात्र आत येत नव्हता.

हे सगळे हनुमंतरावांनी आत्याला सांगितले, फारसे न घोळवता. वेंकूबाई ताम्हन धरून उभ्या होत्या. कापूर संपला होता.

"म्हणजे माझ्या नवसानं गाडी तापते?"

"नवसानं नाही. गंधानं."

"एकच ते."

"एक नाही. आणि रोज धुतो तो मी. फडकं मीच थांबवलं तिथे."

"मग आता?"

"काढायला पाहिजे."

"आज? आत्ता पूजा झाली, हणमंता. ओलं आहे अजून. आणि आज काम करायचं नाही."

"पाना लागत नाही. एकही हत्यार लागत नाही. पाणी लागतं. देवावरचं निर्माल्य तू रोज काढतेस की."

"सकाळी काढते. वाहिल्याबरोबर नाही."

 पूजेच्या कायद्यात आत्याशी वाद घालून हनुमंतराव आजवर जिंकले नव्हते. कनकलता पायरीवरून उतरली, बुटाचा आवाज करत गाडीपाशी आली आणि जाळीवर हात ठेवून उभी राहिली.

"आजी, उद्या सकाळी काढलं तर उशीर होईल का गं?"

वेंकूबाईंनी तिच्याकडे पाहिले, गाडीकडे पाहिले. मग ताम्हन खाली ठेवले.

"पुसायचं नाही," त्या म्हणाल्या. "अभिषेक करायचा. अभिषेकाला वेळकाळ नाही. पाण्याबरोबर गेलं तर देवीनं घेतलं. फडकं लावलंस तर बघ."

"पाणी मागून घालावं लागेल. पंख्याच्या बाजूनं. आलं त्या वाटेनं बाहेर काढायचं."

"देवाला पाठीमागून अभिषेक?"

"देव पुढे आहे. मागे एंजिन आहे."

"बरं," वेंकूबाई म्हणाल्या. "झारी मी देते. तुझा डबा नको."

एंजिन निवेपर्यंत जेवणे झाली. मग हनुमंतरावांनी एंजिनाला ठिणगी वाटणाऱ्या डबीवर, डिस्ट्रिब्युटरवर, केळीचे पान घालून ते केळीच्याच सोपटाने बांधले, म्हणजे तिथे पाणी जाऊ नये. वेंकूबाईंनी कोमट पाणी आणून दिले. देवपूजेच्या पितळी झारीची निमुळती चोच पंख्याच्या पात्यांमधून नेमकी जाळीपर्यंत पोचत होती. पहिल्या झारीने काही झाले नाही. गंध भिजू द्यावे लागले. नंतर पुढच्या भोकांतून पिवळा चिखल उतरू लागला आणि त्यात तूस दिसू लागले. जिथे पाण्याने भागेना तिथे हीर लागली. दाराच्या तोरणासाठी आणलेल्या नारळाच्या झावळीतून कनकलता एकेक हीर सोलून देत होती आणि हनुमंतराव ती भोकाभोकातून मागून पुढे घालत होते.

"हीर म्हणजे हत्यार नाही का?" ओट्यावरून शेषाद्रींनी विचारले.

"खराटा पूजेत ठेवलेला नाही," वेंकूबाईंनी परस्पर उत्तर दिले. "आणि ही तर खराटासुद्धा झालेली नाही अजून. तुम्ही बघता काय? विहिरीवरून पाणी आणा."

शेषाद्रींनी पाणी आणले. दोन खेपांनंतर ते चिखल बोटाने चाचपून म्हणाले, "यात अर्धं तिरुवैयारू आहे."

उन्हे उतरायच्या सुमाराला जाळीतून पलीकडचा पंखा दिसू लागला. गल्लीतली रांगोळी पिवळी झाली होती. हनुमंतरावांनी रेडिएटर भरला आणि एंजिन सुरू केले. पाणी तापेपर्यंत चालू दिले, त्यानंतरही चालू दिले. वाफ नाही. वेंकूबाई न सांगता उदबत्ती घेऊन आल्या आणि जाळीसमोर धरली. धूर वाकला आणि आत गेला.

एवढ्यावर थांबणे हनुमंतरावांना मान्य नव्हते. दारात उभी गाडी काहीही सोंग करते, असे त्यांचे मत. पूजेनंतर गाडीची फेरी काढायची रीतच होती, म्हणून वेंकूबाईंनीही अडवले नाही. त्यांनी कनकलताला शेजारी बसवले, शेषाद्रींना मागे, आणि गाडी तिरुवैयारूच्या रस्त्याला लागली. ती उकळायची ती बहुतेक वेण्णार नदीच्या पुलाच्या चढावर. पूल आला आणि मागे पडला. पुढच्या, वेट्टारच्या, पुलापलीकडे पेंढ्या पसरलेल्या होत्या, त्यांच्यावरून ते हळू गेले. कावेरीच्या पुलावर गाडी थांबवून हनुमंतराव उतरले. झाकणाशी कान नेला. आत उकळी नव्हती, बाहेर वाफ नव्हती.

"काय?" शेषाद्रींनी विचारले.

"पोचली," हनुमंतराव म्हणाले.

परतल्यावर एक प्रश्न उरला होता. कनकलताची नोकरी अजून कायम झालेली नव्हती आणि वेंकूबाईंचा नवस चालूच होता. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेट दाबून पाहिले, दिवे पाहिले, आणि शेवटी डाव्या मडगार्डवर बोट ठेवले.

"इथे वारा ओढतो का?"

"नाही."

"मग शुक्रवारचं गंध इथे."

रात्रीची जेवणे लवकर आटोपली. निवडलेले तांदूळ डब्यात भरले, ताट कापडात बांधले आणि दोन्ही गाडीच्या मागच्या बैठकीवर ठेवले. पान्यांची पेटी देवीपुढेच आहे. उद्या पहाटे पुन्हा पूजा होईल आणि ती परत मिळेल. गाडी पावणेसातला निघेल. एरवीपेक्षा थोडी लवकर, कारण वेट्टारच्या पुलापलीकडे अजून पेंढ्या पसरलेल्या आहेत आणि तिथे हळू जावे लागते. शाळेचे फाटक साडेसातला उघडते.